चौथ्या प्रश्नापासून पुढे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि सुरुवातीच्या वर्षांतच मराठी बातम्या द्यायला स्मिता पाटील, भक्ती बर्वे पडद्यावर दिसू लागल्या. स्मिता पाटील जीन्सवरच साडी नेसून बातम्यांना बसायच्या, हा किस्सा आपल्याकडे इतक्या वेळा सांगितला गेलाय की आता तो पाठ झालाय. दिल्लीत तर त्याच्याही आधी, १९६५ मध्ये प्रतिमा पुरी पाच मिनिटांचं बातमीपत्र वाचत होत्या. त्यामुळे अमेरिकेत संध्याकाळच्या राष्ट्रीय बातम्यांच्या टेबलाशी पहिली बाई, बार्बरा वॉल्टर्स, कायमची बसायला १९७६ साल उजाडलं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, छापताना आकडा चुकला असणार. एवढा पुढारलेला देश, आणि आपल्यापेक्षा अकरा वर्षं मागे?

आकडा बरोबर होता, माझी तुलना चुकीची होती. आपल्याकडे तेव्हा बातम्या वाचल्या जात. कागद वृत्तविभागातून यायचा, त्यात काय असावं हे सरकारी यंत्रणा ठरवायची आणि समोरच्या माणसाचं काम शुद्ध उच्चार, स्वच्छ आवाज आणि प्रसन्न चेहरा इथे संपायचं. हे काम बाईला देण्यात कुणाचं काही जात नव्हतं. अमेरिकेत त्या खुर्चीतल्या माणसाला अँकर म्हणत आणि तो नुसता वाचक नसे. सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट बातम्या द्यायचेच, शिवाय त्या बातमीपत्राचे व्यवस्थापकीय संपादकही होते. कोणती बातमी आधी, कोणती गाळायची, कुणाला काय विचारायचं यात त्यांचा शब्द चालायचा. खुर्ची म्हणजे अधिकार. तो अधिकार बाईकडे जायला वेळ लागला. तो कसा गेला हे समजून घ्यायचं तर बार्बरा वॉल्टर्स यांची कारकीर्द बघावी लागते, आणि त्यातही त्यांच्या मुलाखतींइतकेच त्यांचे करारनामे.

आधी बाजार कसा होता ते बघू. त्या काळी अमेरिकेत टीव्ही म्हणजे मुख्यतः तीन नेटवर्क, सीबीएस, एनबीसी आणि एबीसी. नेटवर्क न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम बनवायचं आणि देशभरातली स्थानिक केंद्रं ते दाखवायची. यातली बहुतेक केंद्रं नेटवर्कच्या मालकीची नसत, फक्त जोडलेली असत. संध्याकाळचं राष्ट्रीय बातमीपत्र अर्ध्या तासाचं, जाहिराती वजा केल्या की जेमतेम बावीस मिनिटांचं. तेवढ्या वेळात सगळा देश तीनपैकी एका चेहऱ्यासमोर बसलेला. प्रेक्षक जास्त तर जाहिरातीचा दर जास्त, हे गणित आपल्याला टीआरपीमुळे वेगळं सांगायला नको. एबीसी या शर्यतीत बरीच वर्षं तिसऱ्या नंबरावर अडकलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बार्बरा वॉल्टर्स २५ सप्टेंबर १९२९ ला बॉस्टनमध्ये जन्मल्या. वडील लू वॉल्टर्स यांचा धंदा नाइट क्लबचा. त्यांचा 'लॅटिन क्वार्टर' हा क्लब आधी बॉस्टनला, मग मायामी आणि न्यूयॉर्कला गाजला. घरात कधी मोटारी आणि आलिशान फ्लॅट, तर कधी डोक्यावर कर्ज. थोरली बहीण जॅकलिन मतिमंद होती. वडिलांचा धंदा बुडाला तेव्हा आईवडील आणि बहीण यांचा भार धाकट्या मुलीवर आला. पैशाबद्दल त्या पुढे इतक्या काटेकोर का राहिल्या, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. लहानपणापासून नटनट्या मेकअप उतरवलेल्या अवस्थेत पाहिल्यामुळे बड्या लोकांसमोर त्या बिचकत नसत, असंही त्यांच्याबद्दल सांगतात. मला पैशाचं कारण जास्त पटतं.

१९६१ मध्ये त्या एनबीसीच्या 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमात लेखिका म्हणून लागल्या. लेखकांच्या त्या ताफ्यात बाईसाठी जागा एकच. ती रिकामी झाली तरच दुसरी बाई आत यायची. काम म्हणजे बायकांचे विषय, फॅशन, घर वगैरे. कॅमेऱ्यासमोर एक 'टुडे गर्ल' असायची, बहुधा एखादी नटी किंवा सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मुलगी. तिनं हवामान सांगायचं, गोड हसायचं. वॉल्टर्सबाई नंतर या पदाला चहा ओतणारी असं म्हणत. पडद्यावर दिसण्यासाठी मिळेल ते त्यांनी केलं. १९६२ मध्ये प्लेबॉय क्लबात वेट्रेसचा ससुलीचा वेश चढवून एका रात्रीचा वृत्तांतही दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये अध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी भारत-पाकिस्तानच्या दौऱ्यावर आल्या, त्यांच्याबरोबरच्या पत्रकारांच्या तांड्यात वॉल्टर्सबाई होत्या. म्हणजे ही बाई मोठी होण्याच्या आधीच आपल्याकडे येऊन गेली होती.

१९६४ मध्ये त्यांना 'टुडे'वर नियमित जागा मिळाली. सूत्रधार ह्यू डाउन्स सज्जन माणूस, त्यांनी बाईंना वाव दिला. डाउन्स गेले आणि १९७१ मध्ये फ्रँक मॅगी आले, तेव्हा खरी गंमत सुरू झाली.

मॅगी कसलेले टीव्ही पत्रकार. आपल्या शेजारी बसून ही बाई मंत्र्यासंत्र्यांना प्रश्न विचारते, हे त्यांना रुचेना. त्यांनी थेट वरिष्ठांकडे गाऱ्हाणं नेलं. बाई हजर होत्या, त्यांच्यासमोरच बोलणं झालं. तोडगा असा निघाला की स्टुडिओत वजनदार पाहुणा आला तर पहिले तीन प्रश्न मॅगी विचारणार. बाईंनी तोंड उघडायचं ते चौथ्या प्रश्नापासून पुढे.

टीव्हीची मुलाखत किती मिनिटांची असते याचा अंदाज असेल तर या नियमाचा अर्थ कळेल. चार-पाच मिनिटांत पहिले तीन प्रश्न झाले की विषय संपत आलेला असतो. आणि पाहुणा ज्याच्याकडे बघून पहिलं उत्तर देतो, त्याच्याकडेच तो शेवटपर्यंत बघत राहतो. चौथा प्रश्न म्हणजे पंगत उठल्यावर वाढलेला भात.

बाई भांडत बसल्या नाहीत. त्यांनी नियम नीट वाचला. तो स्टुडिओपुरता होता, स्टुडिओबाहेर कुणी किती प्रश्न विचारायचे याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मग त्या कॅमेरा घेऊन बाहेर पडल्या. पाहुणा स्टुडिओत येण्याची वाट न बघता त्याच्या दारात जायचं, त्यासाठी फोन करायचे, पत्रं लिहायची, ओळखी काढायच्या. अध्यक्ष निक्सन यांचे उजवे हात हॉल्डेमन सहसा टीव्हीसमोर येत नसत. १९७२ च्या सुरुवातीला बाईंनी त्यांची मुलाखत मिळवली आणि अध्यक्षांच्या व्हिएतनाम धोरणावर टीका करणारे जाणूनबुजून शत्रूला मदत करताहेत, असं हॉल्डेमन त्यात बोलून गेले. देशभर ठळक बातमी झाली. त्याच महिन्यात निक्सन चीनला गेले, तेव्हा एनबीसीच्या चमूत बाई होत्या. पुढे ज्या कामासाठी जग त्यांना ओळखू लागलं, ते बाहेर जाऊन मोठा मासा गाठण्याचं काम त्या शिकल्या या अडवणुकीमुळे. मॅगींना हे कळलं असतं तर त्यांनी दोन प्रश्नांवर समाधान मानलं असतं.

आता करारातलं एक वाक्य. बाईंच्या एजंटनं एनबीसीच्या करारात एक कलम घातलं होतं की मॅगी कार्यक्रम सोडून गेले तर बाईंना सहसूत्रधार हे पद द्यायचं. एनबीसीनं हसत सही केली. मॅगी पन्नाशीचे, कुठे जाणार होते? त्यांना हाडांचा कर्करोग होता आणि तो त्यांनी लपवला होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. १७ एप्रिल १९७४ ला मॅगी गेले. एनबीसी नवा पुरुष सूत्रधार शोधायला निघालं, तेव्हा बाईंच्या बाजूनं ते कलम पुढे ठेवलं गेलं. 'टुडे'ला अशा रीतीनं पहिली स्त्री सहसूत्रधार मिळाली. यात एनबीसीचं औदार्य फारसं नव्हतं, सहीखालचा कागद होता.

दोन वर्षांनी एबीसीचं बोलावणं आलं. पाच वर्षांचा करार, वर्षाला दहा लाख डॉलर. बातम्यांच्या क्षेत्रात तोवर एवढा पगार कुणालाच नव्हता, ना पुरुषाला ना बाईला. वर्तमानपत्रांनी आकडा धरून ठेवला आणि धोपटत राहिली. पण या दहा लाखांची फोड बघितली तर चित्र वेगळं दिसतं. अर्धेच पैसे वृत्तविभाग देणार होता. उरलेले अर्धे मनोरंजन विभागाकडून, आणि त्या बदल्यात बाईंनी वर्षाला चार खास मुलाखतींचे कार्यक्रम करायचे. म्हणजे बातम्यांसाठी बाईंची किंमत लागली पाच लाख आणि बाकीचं नटनट्यांच्या मुलाखतींच्या खात्यावर. व्यवहार म्हणून तो चोख होता. पत्रकारिता की करमणूक, हा प्रश्न मात्र या दोन चेकांमुळे बाईंना आयुष्यभर चिकटला.

एबीसीचा दुसरा बेत असा होता की बातमीपत्र अर्ध्या तासावरून वाढवायचं, म्हणजे बाईंच्या मुलाखतींना जागा होईल. तो बेत स्थानिक केंद्रांनी हाणून पाडला. संध्याकाळचा तो वेळ त्यांचा स्वतःचा, तिथल्या जाहिरातींचा पैसा थेट त्यांच्या खिशात. नेटवर्कला ते का देतील? बावीस मिनिटं बावीसच राहिली आणि त्यात आता दोन अँकर बसवायचे होते.

दुसरे अँकर हॅरी रीझनर. बाई नको होत्या त्यांना, आणि ते लपवण्याचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. ४ ऑक्टोबर १९७६ ला दोघं पहिल्यांदा शेजारी बसले. पहिल्या रात्री कुतूहलानं झुंबड उडाली, मग प्रेक्षक ओसरले आणि एबीसी पुन्हा तिसऱ्यावर. जाहिरात लागली की रीझनर कामगारांशी गप्पा मारायचे, शेजारी बसलेल्या बाईंशी नाही. पुढे पुढे तर दोघांना एका चौकटीत दाखवणंच टाळलं जाऊ लागलं, कारण बाई बोलत असताना रीझनर यांचा चेहरा प्रेक्षकांना सगळं सांगून जायचा. याच सुमारास एका विनोदी कार्यक्रमात गिल्डा रॅडनर या नटीनं 'बाबा वावा' नावाचं पात्र रंगवलं. बाईंना 'र' नीट म्हणता यायचा नाही, त्याची ती नक्कल. आपल्याकडे उच्चारावरून वृत्तनिवेदकाला नाकारतात, तिथे तोच दोष घेऊन बाई पन्नास वर्षं टीव्हीवर राहिल्या.

त्या दिवसांत त्यांना एक तार आली, पाठवणारे जॉन वेन. ओळखदेख नसताना काऊबॉय सिनेमातल्या या नटानं, शिवी हासडून, त्या लोकांपुढे हार मानू नका अशा अर्थाचं कळवलं होतं. बाईंना त्या तारेचं फार अप्रूप होतं.

१९७७ मध्ये रून आर्लेज वृत्तविभागाचे प्रमुख झाले. त्यांनी ओळखलं की ही बाई वाचायला बसवणं म्हणजे घोडा गिरणीला जुंपणं. रीझनर सीबीएसला परत गेले, बातमीपत्राची मांडणी बदलली आणि बाई मुलाखतींना मोकळ्या झाल्या. अँकर म्हणून त्या अयशस्वी ठरल्या, हे मान्य करायला हरकत नाही. ज्या खुर्चीसाठी एवढं रामायण घडलं, त्या खुर्चीत त्या दोन वर्षंही टिकल्या नाहीत.

'पहिली' या शब्दाबद्दलही इथेच सांगून टाकतो. १९६४ मध्ये एबीसीवरच नेहमीच्या अँकरचा आवाज बसला म्हणून मार्लीन सँडर्स यांनी एका संध्याकाळी एकटीनं बातम्या दिल्या होत्या. त्याआधी पॉलीन फ्रेडरिक, नॅन्सी डिकरसन यांनी वार्ताहर म्हणून वाट पाडली होती. वॉल्टर्सबाई पहिल्या ठरतात त्या नेटवर्कच्या संध्याकाळच्या बातमीपत्राच्या कायम सहअँकर म्हणून. एकट्या बाईकडे ते बातमीपत्र कायमचं सोपवायला आणखी तीस वर्षं लागली, २००६ मध्ये, सीबीएसवर केटी कूरिक.

तर मुलाखती. १९७७ हे वर्ष बाईंचंच म्हणायचं. क्युबात जाऊन त्यांनी फिडेल कॅस्ट्रोंना कित्येक तास बोलतं केलं. कॅस्ट्रोंनी स्वतः जीप चालवत त्यांना डोंगरात फिरवलं. नोव्हेंबरमध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात इस्रायलला निघाले. ज्या देशाशी चार वर्षांपूर्वी युद्ध झालं त्या देशात शांततेसाठी जाणारा पहिला अरब नेता. त्यांच्या विमानात तिन्ही नेटवर्कचे तीन मोठे चेहरे होते, सीबीएसचे क्रॉन्काइट, एनबीसीचे जॉन चान्सलर आणि एबीसीच्या वॉल्टर्स. एकाच विमानात, एकाच बातमीमागे.

इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांची मुलाखत बाईंनी आधी घेतलेली, ओळख राखलेली. सादात यांच्याशीही घरोबा. २० नोव्हेंबरला जेरुसलेममध्ये भाषणं झाल्यावर बाईंनी बेगिनना गळ घातली, त्यांनी सादातना सांगितलं आणि दोघं शेजारी शेजारी बसून बाईंच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला तयार झाले. अशी एकत्र मुलाखत तोवर कुणाला मिळाली नव्हती. कळताच क्रॉन्काइट धावले, त्यांनीही पाठोपाठ दोघांना गाठलं. त्यांची मुलाखत झाल्यावर ध्वनिफीत चालूच होती. तिच्यावर क्रॉन्काइट विचारताना ऐकू येतात की मला मिळालं नाही असं काही बार्बराला मिळालं का. अमेरिकेतला सर्वांत विश्वासू आवाज, आणि त्याला धाकधूक होती चौथ्या प्रश्नापासून विचारणाऱ्या बाईची.

हे जमायचं कसं, तर छोट्या कार्डांवर. मुलाखतीआधी बाई हाताच्या पंजात मावतील अशा कार्डांवर प्रश्न लिहून काढत, एका पाहुण्यासाठी शंभर, कधी त्याहून जास्त. ऑफिसातल्या माणसांपासून जो भेटेल त्याला विचारत की तुम्हाला संधी मिळाली तर याला काय विचाराल. मग गाळायला सुरुवात. एक काढ, दोन एकत्र कर, क्रम बदल. शेवटी गड्डी बारीक व्हायची. सुरुवातीचे पत्ते मऊ, बहुतेक लहानपणाबद्दल. टोकदार पत्ता खाली दडवलेला. पाहुणा सैलावला की तो बाहेर यायचा, आवाज न चढवता, जणू शेजारीण विचारतेय. २००१ मध्ये त्यांनी पुतिनना अशाच सहजतेनं विचारलं की तुम्ही कधी कुणाला मारायचा हुकूम दिला आहे का. पुतिन नाही म्हणाले. आपल्याकडे आज प्रश्न विचारणारा ज्या पट्टीत ओरडतो ते ऐकलं की या मऊ आवाजाची मला फार आठवण येते.

मऊपणाची किंमतही होती. १९७६ च्या पहिल्याच खास कार्यक्रमात नुकत्याच निवडून आलेल्या जिमी कार्टरना त्यांनी आमच्याशी शहाणपणानं वागा, चांगलं वागा असं निरोपाचं विनवलं आणि समीक्षकांनी सळो की पळो करून सोडलं. १९८१ मध्ये नटी कॅथरीन हेपबर्नना विचारलेला 'तुम्ही कोणतं झाड?' हा प्रश्न तर चेष्टेचा विषयच झाला. मी झाडासारखी झालेय असं हेपबर्न स्वतः आधी म्हणाल्या होत्या, प्रश्न त्याला धरून होता, पण हे कोण लक्षात ठेवतं.

चेष्टेपेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. मोठ्या लोकांशी घरोबा राखायचा म्हणजे एक दिवस त्यांचा निरोप्या व्हायची वेळ येते. इराणला गुपचूप शस्त्रं विकण्याचं प्रकरण अमेरिकेत गाजत होतं, तेव्हा त्यातला दलाल घोरबानीफार याची मुलाखत घेतल्यानंतर बाईंनी त्याचा मजकूर परस्पर अध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत पोचवला. १९८७ मध्ये हे बाहेर आलं. एबीसीनं नियमभंग झाल्याचं मान्य केलं. पुढे २०११ मध्ये सीरियाच्या असदची मुलाखत त्यांनी चांगली कडक घेतली, पण ती मिळवून देण्यात ज्या मदतनीस मुलीचा हात होता, तिच्या नोकरी-शिक्षणासाठी नंतर शब्द टाकला. त्याबद्दल त्यांना जाहीर खेद व्यक्त करावा लागला. दार उघडून घेण्याची जी हातोटी त्यांनी मॅगींच्या जाचातून कमावली, तिचीच ही दुसरी बाजू. मला त्यांचं कौतुक आहे, पण या दोन प्रसंगांत त्या पत्रकार राहिल्या नव्हत्या.

३ मार्च १९९९ ला, अध्यक्ष क्लिंटन यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे गाजलेल्या मोनिका लेविन्स्कीची दोन तासांची मुलाखत झाली. सरासरी पावणेपाच कोटींहून जास्त प्रेक्षक, बातम्यांच्या मुलाखतीला एका नेटवर्कवर असा प्रतिसाद क्वचितच मिळाला असेल. शेवटी बाईंनी विचारलं, उद्या तुला मुलं झाली तर त्यांना काय सांगशील? ती म्हणाली, आईनं मोठी चूक केली असं सांगेन. बाई कॅमेऱ्याकडे वळल्या आणि वर्षातलं सर्वांत सौम्य विधान म्हणून त्याची बोळवण केली. गड्डीच्या तळाचा पत्ता कसा असतो ते या एका प्रश्नात कळतं.

त्याआधी दोन वर्षं, १९९७ मध्ये, त्यांनी 'द व्ह्यू' सुरू केला होता. वेगवेगळ्या वयाच्या बायका टेबलाभोवती बसून राजकारणापासून नवऱ्यापर्यंत कशावरही बोलणार, एवढंच त्याचं स्वरूप. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी काढलेला हा कार्यक्रम त्यांच्या माघारीही चालू आहे. मे २०१४ मध्ये त्याच मंचावरून त्यांनी निरोप घेतला, तेव्हा टीव्ही पत्रकारितेतल्या दोन डझनांहून अधिक बायका एकेक करून आत आल्या आणि ओप्रा विन्फ्री नावं पुकारत होत्या. मार्लीन सँडर्स यांनी जे एका संध्याकाळपुरतं केलं होतं, ते यातल्या कित्येक जणी रोज करत होत्या. ३० डिसेंबर २०२२ ला, ९३ व्या वर्षी बाई गेल्या.

निरोपाच्या त्याच आठवड्यात न्यूयॉर्कमधल्या एबीसीच्या वृत्तविभागाच्या मुख्यालयाला बार्बरा वॉल्टर्स यांचं नाव देण्यात आलं. १९७६ मध्ये अर्धाच पगार देऊ म्हणणारा विभाग तो हाच.